बांधावरचे ठिपके

शेतीच्या डेटाचं काम करते असं सांगितलं की दादरमध्ये पहिला प्रश्न ड्रोनचा येतो. ड्रोन मी हातातसुद्धा धरलेला नाही. मी फॉर्म बनवते. यवतमाळपासून सांगलीपर्यंत जी पोरं-पोरी शेतात जाऊन माती, पानं, देठ, कामगंध सापळ्यात पडलेले पतंग असं काय काय गोळा करतात, त्यांच्या फोनवर कुठला प्रश्न आधी यावा, कुठला फोटो सक्तीचा असावा, कुठे उभं राहिल्याशिवाय पुढचं पान उघडूच नये, हे विक्रोळीच्या ऑफिसात बसून ठरवायचं. संध्याकाळी त्यांनी नमुने घेतलेल्या जागा नकाशावरचे ठिपके होऊन माझ्या स्क्रीनवर येऊन पडतात आणि खरं काम तिथून सुरू होतं.

कारण ठिपके चहाडी करतात. मागे उपग्रहाचं चित्र ठेवलं आणि वर दिवसभराचे नमुने टाकले, की कोण रानात उतरलं आणि कोण बांधाबांधानं फिरून आलं ते चहा संपायच्या आत कळतं. बांधावरून फिरणाऱ्याचे ठिपके बांध वळेल तसे वळतात. शिवाय प्रत्येक ठिपक्याला वेळ चिकटलेली असते.

मातीचा नमुना रीतसर घ्यायचा म्हणजे काय ते एकदा सांगते. जागेवरचं गवत, पालापाचोळा हातानं बाजूला करायचा. मग इंग्रजी व्ही अक्षरासारखा अर्धा फूट, म्हणजे १५ सेंटिमीटर खोल खड्डा. त्यातून निघालेली माती टाकून द्यायची आणि खड्ड्याच्या उतरत्या कडेचा बोटभर जाडीचा काप, वरपासून खालपर्यंत सारखा, खुरप्यानं काढून प्लॅस्टिकच्या घमेल्यात घ्यायचा. प्लॅस्टिकच्याच, कारण जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत माती घेतली तर अहवालात बादलीचं जस्त येतं. असं नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी. मग सगळी माती गोणपाटावर पसरायची, ढेकळं फोडायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेली मिसळून पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. आता ज्याच्या दोन खड्ड्यांमध्ये चाळीस सेकंदांचं अंतर दिसतंय, त्यानं यातलं काय केलं असेल?

बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, पाणी साचणारा कोपरा सोडून नमुना घ्या, हे राहुरीला पहिल्याच प्रात्यक्षिकात आमच्याकडून घोटून घेतलं होतं. प्रत्येक पुस्तिकेत ते छापलेलं असतं. तरी माणूस बांधावरच घुटमळतो, आणि त्याला मी पूर्ण दोष देत नाही. मे महिन्यात, दुपारी, नांगरट केलेल्या काळ्या रानात ढेकळांवरून चालून बघा. घोटे सोलून निघतात. पण बांधाजवळची माती त्या शेताची नसतेच म्हणायची. नांगर तिथे वळतो, खताची गोणी तिथे फुटते, गवत तिथे कुजतं. सेंद्रिय कर्ब चांगला येतो आणि शेतकरी खुशीत खत कमी टाकतो.

एका कामात तर नमुन्यामागे पैसे ठरले होते. नाव घेत नाही. दिवसाला जितक्या पिशव्या, तितके पैसे. मग पिशव्या आल्या, भरपूर आल्या, आणि शेजारशेजारच्या चार गटांचे अहवाल इतके सारखे की प्रयोगशाळेतल्या बाईंनीच फोन करून विचारलं, ही एकाच खड्ड्यातली माती आहे का हो?

फोनचा मोठा उपयोग मला इथे दिसतो. रोग ओळखणारी ॲप, फोटोवरून सल्ला, हे सगळं त्याच्या मागून. शेताची हद्द नकाशावर काढायची, तिच्यापासून दहा मीटर आत दुसरी हद्द काढायची आणि तिच्या आत संगणकाकडून यादृच्छिक ठिपके पाडून घ्यायचे. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काही मिनिटांचं काम. ते ठिपके फोनवरच्या क्यूफिल्ड या नकाशाच्या ॲपवर किंवा ओडीके या फॉर्म भरायच्या ॲपमध्ये चढवले की रेंज नसली तरी चालतं. पोरगं शेतात पोचायच्या आधीच ठिपका ठरलेला असतो, त्यामुळे शेत बघून ‘इथं बरं दिसतंय’ म्हणायला जागा राहत नाही. यात नवं काहीच नाही खरं तर. पीक कापणी प्रयोगात सरकारी माणसं वर्षानुवर्षं रँडम नंबरच्या तक्त्यावरून प्लॉटची जागा ठरवत आली आहेत. फरक एवढाच, की तेव्हा माणूस त्या जागेवर खरंच गेला की नाही हे वहीवरून कळायचं नाही. आता कळतं.

मात्र कळतं म्हणजे किती कळतं, यावर ऑफिसात दर वेळी वाद होतो. फोन ‘अचूकता ४ मीटर’ असं दाखवतो आणि नवी पोरं ते शपथेवर घेतात. अँड्रॉइडच्या हिशोबात त्या आकड्याचा अर्थ असा, की खरी जागा ४ मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनातल्या एका वेळी तुम्ही त्या वर्तुळाच्या बाहेर आहात आणि फोन मात्र तितकाच निर्धास्त आहे. ओडीकेमध्ये काही बदललं नाही तर अचूकता ५ मीटरवर आली की ॲप जागा आपोआप नोंदवून मोकळं होतं. मी तो आकडा खाली आणून ठेवते. पोरं वैतागतात, पण तो एक मिनिट उभं राहिल्यानं तरी ती घाई करत नाहीत, हा माझा छुपा हेतू.

कामासाठी नवा फोन घ्यायचा झाला की मी त्याला आधी शिवाजी पार्कात नेते. सकाळी, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या गर्दीत. मैदानाच्या मधोमध फोन जमिनीवर ठेवायचा आणि अर्धा तास त्याला स्वतःची जागा सांगत बसू द्यायचं. मग तोच फोन कडेच्या पर्जन्यवृक्षांखाली, कट्ट्यावर. मग आमच्या बिल्डिंगमागच्या गल्लीत, जिथे दोन्ही बाजूंना सात-सात मजले. जमिनीवरचा फोन टक लावून बघत उभ्या असलेल्या बाईकडे बघून कट्ट्यावरचे एक आजोबा नेहमी विचारतात, “काय हो, काही पडलंय का तुमचं?” एकदा समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. ते अजून विचारतात.

मैदानात ठिपके एका जागी घोळका करून राहतात. झाडांखाली सैल होतात. गल्लीत तर फोन सरळ शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसतो, कारण उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून लांबच्या वाटेनं येतो आणि फोनला वाटतं आपणच लांब आहोत. २०१८ नंतर उपग्रहांच्या एल-१ या नेहमीच्या वारंवारतेच्या जोडीला एल-५ ही दुसरी वारंवारताही ऐकणारे फोन बाजारात आले. नाविक या आपल्या भारतीय जीपीएसचे उपग्रहही एल-५ वर बोलतात. अशा फोनचा गल्लीतला घोळका नक्की लहान असतो. यवतमाळला कुणी गल्लीत नमुने घेत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण पुरुषभर वाढलेल्या उसात किंवा जुन्या आमराईत फोनची गत बरीचशी अशीच होते.

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन ४.९ मीटर त्रिज्येच्या आत जागा सांगतो, असं अमेरिकेचं जीपीएसचं अधिकृत संकेतस्थळ म्हणतं. म्हणजे दहा मीटर व्यासाचं वर्तुळ. आता गुंठा बघा: ३३ फूट बाय ३३ फूट, बाजू दहा मीटरची. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन, तोही दहा मीटर बाय दहा मीटर. आणि अक्षांशाचा दशांशचिन्हानंतरचा चौथा आकडा एकानं बदलला तर आपण सरकतो अकरा मीटर. सगळं येऊन थांबतं ते आपल्या जुन्या गुंठ्यापाशी! मला या योगायोगाचं फार अप्रूप वाटतं. शेतकऱ्यांशी बोलताना मी मीटर, पिक्सेल काही काढत नाही. “तुमच्या रानात फोनला गुंठाभर इकडंतिकडं होतं” म्हटलं की लगेच कळतं, आणि पुढचं तेच सांगतात: “मग तीन गुंठ्यांच्या तुकड्यात कशाला फोन?”

बरोबरच आहे. उपग्रहाच्या चित्रात जो हिरवा-पिवळा फरक दिसतो त्याच्याशी मातीचा नमुना जुळवायचा, तर ठिपका अशा ठिकाणी हवा जिथे आजूबाजूचे आठही चौकोन साधारण त्याच रंगाचे आहेत. मग फोन एखादा गुंठा चुकला तरी चालतं. दोन रंगांच्या सीमेवर घेतलेला नमुना नेमका कुठल्या बाजूचा, हे देवाला माहीत. आणि एक: कोणी एक्सेलमध्ये आकडे ‘नीट दिसावेत’ म्हणून दोन दशांशांवर आणून पाठवले, तर ते शेत पाऊण किलोमीटरपर्यंत सरकलेलं असू शकतं. असं पाठवणारे भेटतात.

शिवाजी पार्कातच मला मृदा आरोग्य पत्रिकेचा हिशोब पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. शेतकऱ्याला मातीच्या तपासणीचा अहवाल देणारी केंद्र सरकारची ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला सुरू झाली. बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकोनात एक नमुना, कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकोनात एक, जीपीएसनं जागा नोंदवून, बारा घटक तपासायचे, असा तिचा आराखडा होता. पार्क अठ्ठावीस एकरांचं, म्हणजे अकरा हेक्टरच्या आसपास. ते कोरडवाहू रान असतं तर उद्यान गणेशापासून पार पलीकडच्या टोकापर्यंत मिळून एक पिशवी माती. महाराष्ट्रात सरासरी खातं २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर होतं. म्हणजे एका पिशवीत सात-आठ जणांचं शेत, आणि प्रत्येकाच्या हातात पत्रिका. एवढ्या मोठ्या देशात सुरुवात म्हणून मला ते समजतं, पण त्या पत्रिकेवरून कुणी आपल्या दोन एकरांतल्या वरच्या आणि खालच्या तुकड्याला वेगळं खत द्यायला निघाला तर त्याला थांबवावं लागतं. तेवढ्यासाठी आपला नमुना आपणच घ्यायला हवा. फोन त्यासाठी पुरतो. प्रयोगशाळेची फी आणि दोन तासांचं चालणं, हा खरा खर्च.

कोकणात मात्र हे गणित कोसळतं. कर्जतकडे भाताची खाचरं बघा. कित्येक खाचरं गुंठ्या-दोन गुंठ्यांची, एकाखाली एक उतरत गेलेली. कडेपासून दहा मीटर आत सरकायचं म्हटलं तर आत काही उरतच नाही. आणि वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी जातं तशी माती बदलत जाते, हे तिथल्या कुठल्याही माणसाला विचारा. तिथे फोनचा आकडा राहू दे बाजूला, शेतकऱ्याचं नाव विचारून घ्यावं: आंब्याखालचं, देवळाकडचं, कोंडीचं. मी फॉर्ममध्ये कोकणासाठी तो रकाना सक्तीचा ठेवलाय आणि जीपीएस ऐच्छिक. मुख्यालयातून दोनदा विचारणा झाली की हे उलटं कसं. रोज विक्रोळीला जाता-येता रुळांकडेला पालक-मुळ्याचे वाफे दिसतात, रेल्वेनं आपल्याच कर्मचाऱ्यांना दिलेल्या जमिनीवरचे. त्या दोन रुळांमधल्या पट्ट्यात फोन घेऊन उभं राहा म्हणावं, आणि सांगा कुठला वाफा कोणाचा.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण ते कॅमेऱ्याच्या अतिहुशारीमुळे. पानाच्या रंगावरून नत्र ओळखायची पद्धत जुनी आणि भक्कम आहे; भातासाठी हिरव्या छटांची पट्टी पानाशेजारी धरून बघतात. आता हेच फोनच्या फोटोवरून करायला जावं, तर फोनला ‘झाडं आहेत’ एवढं कळलं की तो हिरवा आणखी हिरवा करून टाकतो. पिवळट, नत्राला मोताद झालेलं पान फोटोत तरतरीत! दोन कंपन्यांच्या फोनमधून एकाच पानाचे फोटो घेऊन शेजारी ठेवा, दोन वेगळ्या जातींची झाडं वाटतील. म्हणून आमच्या फॉर्ममध्ये फोटोआधी सूचना येते: कॅमेऱ्याचं एआय बंद, पान स्वतःच्या सावलीत, मागे पांढरा कागद. कागद पांढरा असला की निदान नंतर रंग दुरुस्त करता येतो. त्यापेक्षा वरून सरळ खाली फोटो काढून जमीन किती टक्के हिरवी झाकली गेली, हे मोजणं कितीतरी भरवशाचं. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचं कॅनोपिओ नावाचं ॲप हेच करतं. हिरवा किती गडद, याच्याशी त्याला फार देणंघेणं नसतं. ठिपका हिरवा आहे की नाही, एवढंच बघतं.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका, हे मी इतक्यांदा सांगितलंय की ग्रुपवर माझं नाव त्यावरून पडलंय. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याच्या पोटातली जागेची माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. म्हणूनच सगळीकडे फोटोवरच अक्षांश-रेखांश छापणारे कॅमेरे वापरतात. ते माणसाला वाचायला ठीक, पण शेकडो फोटोंवरचे आकडे टाइप करत बसलेली मुलगी मी पाहिली आहे. पिशवीचंही तसंच. बाहेर चिकटवलेला क्यूआर कोड ओल्या मातीनं आणि घासून घासून मरतो. तो स्कॅन करायचा, पण आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठीही टाकायची. बॉलपेनची शाई ओलीनं पसरते, पेन्सिल टिकते.

सध्या घरचंच काम अंगावर आहे. माहेरी निफाडला भावाची दोन एकर द्राक्षबाग. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली आहे; वेलीला कुठलं अन्नद्रव्य किती मिळतंय ते बघायला फुलोऱ्यात देठ परीक्षणाला नमुना पाठवायचाय. त्या वेळी घडासमोरच्या पानाचा देठ घेतात. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर घेतात तो पाचव्या पानाचा, त्यात घोळ नको. मी ठिपके पाडून पाठवले तर त्याचा लगेच फोन.

“ताई, दोन ठिपके डीपीच्या कोपऱ्यात पडलेत.”

“मग?”

“तिथं वेल पिवळेच असतात. तिथलं काय तपासायचं? सगळा रिपोर्ट खराब येईल.”

तो कोपरा चुनखडीचा आहे. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह जमिनीत असूनही वेलीला मिळत नाही. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं: ते देठ बाकीच्या बागेच्या देठांत मिसळले तर दोन्हीकडचं खोटं उत्तर येईल. त्यामुळे कोपऱ्याची पिशवी वेगळी, बागेची वेगळी. दोन फी. “दुसरी तू भर” म्हणाला, भरली.

देठ काढायला त्याची लेक जाणार आहे. बारावीत आहे, फोन तिच्याकडेच चांगला आहे. काल तिनं रंगीत तालमीसाठी पाच ठिपके फिरून पाहिले आणि रात्री मेसेज केला: आत्या, ठिपका दोन ओळींच्या बरोब्बर मधे पडतो, मग डावीकडचा वेल घेऊ की उजवीकडचा? ओळींमध्ये जेमतेम नऊ फूट, फोनला ते कळणं शक्य नाही. मी लिहिलं, नेहमी पूर्वेकडचा. पाच मिनिटांनी तिचं उत्तर: आणि पूर्वेकडचा मेलेला असेल तर?

त्याच ओळीत उत्तरेला पुढचा. आज फॉर्ममध्ये टाकते.